हुकूम सौम्य झाला, सुटला नाही

'स्टार ट्रेक'मधील सैनिकी संबोधनांचा इतिहास म्हणजे बराकीकडून लोकशाहीकडे झालेली वाटचाल होय, असे एक सोयीचे वाचन केले जाते. संहितेच्या पातळीवर ते टिकत नाही.

१९६६ साली जीन रॉडनबेरी यांनी आरंभिलेल्या मालिकेतील संबोधनांचे संकेत उघडच नौदलाचे होते. लेफ्टनंट सुलू हा 'मिस्टर सुलू', तर त्याच हुद्द्याची उहुरा अनेकदा 'मिस उहुरा'. निकोलस मेयर दिग्दर्शित 'द रॅथ ऑफ खान' (१९८२) या चित्रपटात साविक ही स्त्री अधिकारीही 'मिस्टर' झाली. भेद मिटला खरा. पण पुल्लिंगालाच सार्वत्रिक ठरवून मिटला.

१९८७ नंतरच्या मालिकेतील कॅप्टन पिकार्ड सहकाऱ्यांची मते ऐकतो आणि 'मेक इट सो' म्हणतो. येथे आज्ञा संमतीचे रूप घेते. मात्र संमती देण्याचा अधिकार एकाच खुर्चीकडे राहतो. हाच पिकार्ड १९८९ च्या एका भागात स्टारफ्लीट ही लष्करी संघटना नसल्याचे सांगतो, तेही युद्धसरावाच्या निमित्ताने! समीक्षकाने पात्राच्या दाव्यावर विश्वास ठेवावा की त्याच्या वाक्यरचनेवर?

'व्हॉयेजर'च्या (१९९५) पहिल्याच भागात कॅप्टन जेनवे 'सर' नाकारते, 'मॅम' अडीअडचणीपुरते चालवून घेते आणि 'कॅप्टन' हे संबोधन पसंत करते. स्त्रीने आपले संबोधन स्वतः ठरवावे, ही उपलब्धी लहान नव्हे. तथापि तिने निवडलेला शब्द हुद्द्याचाच आहे. लिंगभेद ओलांडण्याची वाट येथे अधिकारश्रेणीतूनच जाते. व्यक्तीची अन्य ओळख गळून हुद्दा तेवढा उरणे, याला सैनिकीकरणाचा लोप कसे म्हणावे? ती त्याची परिपूर्ती आहे. शिवाय आपल्याला काय म्हणावे, हे कनिष्ठाला वरिष्ठच सांगते आहे.

याचा पडताळा 'डीप स्पेस नाइन'मध्ये मिळतो. १९९७ ते १९९९ या काळात ही मालिका दीर्घ युद्धाच्या कथानकात शिरली, तेव्हा तिला नवी भाषा घडवावी लागली नाही. हुद्दे, अहवाल, आज्ञापालनाची ठरीव उत्तरे सारे जागच्या जागी होते. शांततेच्या काळात जी भाषा केवळ शिष्टाचार भासत होती, तीच युद्धात जशीच्या तशी कामी आली.

म्हणून संबोधन बदलले की सत्तासंबंध बदलले, हे समीकरण समीक्षेने सोडून द्यावे. कोण कोणाला काय म्हणतो, एवढे मोजून भागत नाही. कोणाच्या वाक्यानंतर चर्चा थांबते, हे पाहावे लागते. 'स्टार ट्रेक'मध्ये ते वाक्य अर्धशतकाहून अधिक काळ कॅप्टनचेच राहिले आहे.