रक्त मोफत, पण लोहाचे काय?

थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त मिळाले की उपचार झाले, असा समज सर्वत्र आहे. रक्तदान शिबिरे होतात, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. पण रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचते. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरालाही ते इजा करते. कोवळ्या वयातच रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात. ज्या रक्तावर मूल जगते, तेच त्याच्या जिवावर उठते.

लोह काढणारी औषधे आहेत. पूर्वी रात्र रात्र पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून पंपाने डेस्फेरॉक्सामिन द्यावे लागे. आता डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा तोंडाने घेता येते. पण रोज, जन्मभर! चंदगड, शाहूवाडीहून मजुरी बुडवून कोल्हापूरचे सीपीआर गाठणाऱ्या बापाने हे औषध विकत घ्यायचे म्हटले, तर तो किती महिने घेईल? मग गोळी एक दिवसाआड होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आला. मात्र त्याच कायद्याच्या नोकरीतील 4 टक्के राखीव जागांत या रुग्णांना जागा नाही. 1902 साली जेथून राखीव जागांचा हुकूम निघाला, त्या शाहूंच्या कोल्हापुरातूनच याचा जाब विचारला गेला पाहिजे. आणि तोवर शासनाने रक्ताबरोबर लोह काढणारे औषध व दर तीन महिन्यांनी फेरिटिनची तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच मोफत द्यावी, अशी आमची मागणी आहे.