चिखलातले कारागीर

ओहोटीला खाडीचा काळा चिखल उघडा पडला की आपण नाक मुरडतो. ही जागा पडीक आहे, भराव टाकला तर उपयोगी पडेल, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या चिखलात किडे, खेकडे, शिंपले अहोरात्र राबत असतात आणि इतर असंख्य जीवांसाठी राहण्याजोगी जागा तयार करत असतात. क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाचाक या शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये अशा जीवांना 'परिसंस्थेचे अभियंते' म्हटले.

त्यांचे काम समजायला फुफ्फुसाचे उदाहरण पुरेसे आहे. किनाऱ्यावरच्या गाळात प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर खोल पोहोचतो. त्याखालचे जिवाणू प्राणवायूविना जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. बिळात राहणारा किडा किंवा खेकडा पाणी आत खेळवतो, तेव्हा बिळाच्या भिंतीपर्यंत प्राणवायू जातो आणि त्या आधाराने इतर सूक्ष्म जीव वसतात. सांडपाण्यातून आलेल्या नायट्रोजनचा काही भाग याच ठिकाणी जिवाणूंकरवी निरुपद्रवी वायू होऊन हवेत जातो.

हे कारागीर हटवले तर काय होते? जर्मनीच्या सिल्ट बेटाजवळच्या भरती-ओहोटीच्या वाळूत संशोधकांनी 2002 पासून हे पाहिले. वाळूत थोड्या खोलीवर बारीक जाळी पुरून त्यांनी लगवर्म या मोठ्या किड्याला मोठ्या तुकड्यांतून दूर ठेवले. तिथे बारीक गाळ आणि सेंद्रिय पदार्थ साचले, वाळूतून पाणी झिरपणे मंदावले, सल्फाइड वाढले. राहणारे जीवही बदलले. नळ्या बांधून एका जागी राहणाऱ्या काही किड्यांना ती जागा मानवली, तर मोकळ्या वाळूत फिरणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणजे एकच अभियंता सर्वांचे भले करत नाही. उकरणारे, बांधणारे आणि गाळ धरून ठेवणारे असे निरनिराळे कारागीर शेजारी शेजारी असले, तरच विविधता टिकते.

कोकणच्या खाड्यांतली कालवे यांपैकी बांधणारी. मऊ चिखलात त्यांचे शिंपले कठीण आधार देतात आणि त्यांच्या फटींत लहान खेकडे व माशांची पिल्ले आसरा घेतात. कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात. आरोग्याचा प्रश्न इथेच येतो. पाण्यात मैला असेल तर कावीळ व जुलाबाचे जंतूही त्यांच्या अंगात साठतात. दूषित पाण्याने आजारी पडलेले रुग्ण आम्ही सरकारी रुग्णालयात दर पावसाळ्यात पाहतो. त्याच मैल्याचा दुसरा प्रवास खाडीतून ताटापर्यंत होतो. म्हणून शिंपले कच्चे खाऊ नयेत, नीट शिजवावेत. पण शिजवल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत, आणि शैवालांची काही विषेही टिकून राहतात. खरा उपाय स्वयंपाकघरात नसून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आहे.

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेने जैवदृष्ट्या सक्रिय चिखलमैदानांना सर्वाधिक संरक्षणाच्या गटात ठेवले आहे. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. कागद आहेत, आता त्यांवर अंमल हवा. प्रक्रिया न केलेले सांडपाणी खाडीत सोडणे थांबले पाहिजे. तळ खरवडणारी जाळी आणि अनिर्बंध वाळूउपसा यांना आवर हवा. भरावाच्या प्रत्येक प्रस्तावाआधी गाळातल्या जीवांची मोजणी होऊन ती लोकांसमोर यावी. फ्लेमिंगो पाहायला आपण गर्दी करतो. त्यांच्या आणि इतर पाणपक्ष्यांच्या चोचीत जाते ते याच चिखलात तयार होते. खाडीकाठी राहणाऱ्यांच्या जेवणातही त्यातलेच बरेच काही येते, हे भराव मंजूर करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.