दुकान आपलं, किल्ली कुणाची?

ऐन दिवाळीच्या तोंडावर आमची वेबसाइट कोरी पडली. ना चकलीचा फोटो, ना नवे भाव. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना वाटलं, यंदा यांनी फराळ बंद केला!

आम्ही पाचजणी मिळून फराळ, पापड, मसाले करतो. फेसबुकवर आमचं पेज आहे. जाऊबाईंच्या मुलानं वेबसाइट करून दिली, तेव्हा पेजवरची पोस्ट तिथे आपोआप दिसेल अशी सोय केली. आम्हाला ती जादूच वाटली. पुढे तो नोकरीला परगावी गेला, त्यानं फेसबुकचा पासवर्ड बदलला आणि जादू संपली.

मग मी त्याला फोनवर खोदून खोदून विचारलं. या जादूचं नाव ‘एपीआय’. म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती मागायची खिडकी. बँकेसारखीच, ओळख पटल्याशिवाय काही मिळत नाही. त्या ओळखीच्या चिठ्ठीला ‘टोकन’ म्हणतात. पेजचं टोकन पेज सांभाळणाऱ्या माणसाच्या खात्यातून निघतं. त्यानं पासवर्ड बदलला किंवा पेजवरचा त्याचा अधिकार गेला, की चिठ्ठी रद्द!

नियम जाचक वाटेल, पण मला तो पटतो. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात कोट्यवधी लोकांची माहिती त्यांच्या नकळत वापरली गेल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. त्यानंतर फेसबुकनं ही खिडकी बरीच अरुंद केली. अहो, उद्या कुणीही येऊन आपल्या पेजवरचं सगळं उचलून नेलं तर चालेल का आपल्याला?

चूक आमचीच. ‘ते कॉम्प्युटरचं पोरं बघतील’ म्हणून आम्ही मोकळ्या झालो. बचत गटाचं पासबुक आपण कधी दुसऱ्याच्या कपाटात ठेवतो का? मग पेजचा ताबा कसा ठेवतो?

मैत्रिणींनो, प्रोग्राम लिहायला शिका असं मी म्हणत नाही. पण पेजचा पूर्ण ताबा स्वतःकडे आणि एका विश्वासू सखीकडे ठेवा. वेबसाइट करणाऱ्याला विचारा, टोकन कुणाच्या खात्यातून घेतलंस? आणि अधूनमधून पेजवरच्या पोस्टची प्रत उतरवून ठेवा.

आमची वेबसाइट पुन्हा सुरू झाली. या वेळी टोकन माझ्या खात्यातून निघालंय. दुकानाची किल्ली आता माझ्या कमरेला आहे. तुमची कुठे आहे?