रात्रीचे दळण

खेळाने आरोग्य सुधारते, हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. रात्री बारा-एकपर्यंत मोबाइलवर किंवा संगणकावर चालणाऱ्या खेळाला ते लागू पडते का, असा प्रश्न आता पालकच नव्हे, तर स्वतः खेळणारी मंडळीही विचारू लागली आहेत. ही मंडळी सगळी शाळकरी पोरे नाहीत. दिवसभर दुकान, शाळा, बँक किंवा शेती सांभाळून, जेवणे आटोपल्यावर तासभर खेळणारे तिशी-चाळिशीतले स्त्री-पुरुषही त्यांत आहेत. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. झोप पुरत नाही, मान धरते, अंगठा दुखतो, घरात चिडचिड होते. आजचा लेख अशा सवडीने खेळणाऱ्यांसाठी आहे.

प्रथम हे खेळ कोणते ते पाहू. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या योद्ध्याचे, जादूगाराचे किंवा तिरंदाजाचे सोंग घेऊन एका काल्पनिक जगात वावरायचे. त्या जगात एकाच वेळी हजारो माणसे आपापल्या घरून खेळत असतात. आपण फोन बंद केला तरी ते जग चालूच राहते. कॅरमचा डाव आवरून ठेवता येतो, हा डाव आवरून ठेवता येत नाही. आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

या खेळांत दोन प्रकार सवडीच्या खेळाडूला विशेष जड जातात. पहिल्याला खेळाडू ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे दळण. आपले पात्र बळकट करण्यासाठी तेच ते राक्षस मारायचे, तीच ती झाडे तोडायची, तेच ते मासे पकडायचे. प्रत्येक वेळी थोडे गुण मिळतात आणि पुरेसे गुण साठले की पुढची पायरी गाठता येते. दुसरा प्रकार ‘पीव्हीपी’चा, म्हणजे खेळाडूने खेळाडूशी लढण्याचा. समोर यंत्राने चालवलेला राक्षस नसतो, तुमच्या-आमच्यासारखे जिवंत माणूस असते.

दळणाचा हिशेब कसा असतो, याचे एक उदाहरण देतो. ‘रुनस्केप’ हा इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीचा खेळ २००१ सालापासून चालू आहे. त्यातील कौशल्यांना मुळात ९९ पायऱ्या होत्या. पहिलीवरून दुसरीवर जायला अवघे ८३ गुण पुरतात. ९९ व्या पायरीसाठी मात्र एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात. ९२ व्या पायरीवर पोहोचलेल्याला वाटते, आता सातच राहिल्या. पण ९२ व्या पायरीसाठी लागणारे गुण आहेत ६५,१७,२५३. म्हणजे तो जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो! सुरुवातीच्या पायऱ्या भराभर चढता येतात म्हणून गोडी लागते. नंतरच्या पायऱ्या लांबत जातात, पण तोवर घातलेल्या वेळेची माया जडलेली असते. “एवढे केले, आता सोडायचे कशाला?” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

हे चिकटणे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अंदाज न येता मिळाले, तर प्राणी तीच कृती न थकता करत राहतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले. १९५७ साली त्यांनी ते ग्रंथरूपाने मांडले. दहा राक्षसांत एखाद्याकडून दुर्मीळ तलवार मिळेल, पण कोणत्या ते ठाऊक नाही, ही खेळातली रचना त्याच जातीची आहे. १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांचा ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध आला. त्यात आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन मेंदूची तपासणी केली होती. खेळताना मेंदूत डोपामाइन हे द्रव्य अधिक पाझरते, असे त्यांना आढळले. आठ माणसांवरून सगळ्यांना व्यसनी ठरवता येणार नाही. पण खेळताना ‘आणखी एकच’ असे का वाटते, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो.

आता लढाईकडे वळू. १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात कोणीही कोणाला गाठून मारू शकत असे आणि मेलेल्याचे सामान लुटू शकत असे. ज्याला दिवसाकाठी तास मिळतो त्याने आठवडाभर खपून काही जमवायचे आणि दिवसभर खेळणाऱ्याने ते एका घावात न्यायचे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. तक्रारी इतक्या झाल्या की २००० साली कंपनीने त्या जगाची दुसरी प्रतिकृती तयार केली. तेथे संमतीशिवाय हल्ला करता येत नसे.

याहून बोलके उदाहरण ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ च्या खेळाचे. त्यात २००५ साली लढाईतील मानाच्या चौदा पदव्या आणल्या गेल्या. दर आठवड्याला गुणांची मोजणी होई, पण पदवी ठरे ती इतरांच्या तुलनेत. तुम्ही किती मिळवले यापेक्षा बाकीच्यांनी किती मिळवले हे मोठे. एखादा आठवडा विश्रांती घेतली, तर चढलेली पायरी घसरू लागे. वरच्या पदव्यांसाठी लोक दिवसचे दिवस बसत. काही जण एकाच खात्यावर मित्रांच्या पाळ्या लावत. ही पद्धत डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर ही शर्यत कौशल्याची कमी आणि जागरणाची जास्त होती. ज्याला नोकरी नाही, लेकरू नाही, सकाळची गाडी पकडायची नाही, तो जिंकणार हे आधीच ठरलेले.

माझे म्हणणे येथूनच सुरू होते. सवडीचा खेळाडू हरतो तो हात मंद म्हणून नव्हे, तर त्या जगात वेळ हेच चलन आहे आणि त्याच्या खिशात ते थोडे आहे म्हणून. हे न कळल्यामुळे तो वेळ उसना आणतो. नोकरीतून आणता येत नाही, स्वयंपाकातून नाही, मुलांच्या अभ्यासातून फारसा नाही. मग उरते ती झोप. रोज अर्ध्या तासाची उचल केली, तर आठवड्याला साडेतीन तासांचे कर्ज होते.

माझ्याकडे येणाऱ्या एका औषधविक्रेत्यांचेच पाहा. वय चाळिशीच्या आतबाहेर, सुपारीचेही व्यसन नाही. “डॉक्टर, अंथरुणावर पडतो, पण तास-तास डोळा लागत नाही. एखादी गोळी द्या,” असे म्हणाले. चौकशी केली तेव्हा कळले, साडेअकराला ते लढाईत उतरत आणि पावणेबाराला अंथरुणावर. लढाई खोटी असली तरी शरीराला ते कळत नाही. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, हरल्यावर मनात तोच प्रसंग घोळत राहतो. गोळी न देता मी एवढेच सांगितले की लढायचे असेल तर नऊच्या आत, त्यानंतर फार तर मासे पकडा. तीन आठवड्यांत त्यांची झोप बरीच ताळ्यावर आली. प्रत्येकाला इतक्या सहज गुण येईल असे नाही, पण झोपेची गोळी मागण्यापूर्वी हा उपाय करून पाहायला हरकत नाही.

आपल्याकडील खेळाडूंना आणखी एक अडचण आहे. सोबती परदेशात असतील, तर त्यांची सोय ती आपली गैरसोय होते. जर्मनी-फ्रान्समध्ये संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा झालेले असतात. तेथे माणसे चहा-जेवण उरकून खेळायला बसतात आणि आपण झोप मोडून. गट निवडताना हे घड्याळ आधी पाहावे.

घरच्यांनाही एक विनंती आहे. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. गट लढत असताना एकाने हात काढला, तर सगळ्यांचे नुकसान होते आणि त्याला बोल लागतो. नेमक्या त्याच क्षणी “पान वाढलंय, ऊठ!” अशी हाक येते आणि भांडण पेटते. हाक देण्याऐवजी बसण्यापूर्वीच विचारावे, “किती वाजता उठशील?” आणि खेळणाऱ्यानेही जेवणाला वीस मिनिटे असताना लढाई सुरू करू नये. एवढ्या समजुतीने अर्धी भांडणे टळतात, असा माझा अनुभव आहे.

मग हा आजार म्हणायचा का? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळण्याच्या विकाराची नोंद आहे. ते वर्गीकरण मे २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची तीन लक्षणे. त्यांमुळे घर, शिक्षण किंवा नोकरी यांत ठळक बिघाड झालेला असावा आणि हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकलेले असावे, अशी अट आहे. म्हणजे रोज तासभर खेळणारी सून किंवा सुटीत रात्र जागवणारा मुलगा लगेच रोगी ठरत नाही. पण लक्षणे खरोखर जुळत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत अशा तक्रारींसाठी २०१४ पासून स्वतंत्र सेवा आहे.

कायद्याने हे आवरेल असे काहींना वाटते. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले होते. तो नियम २०२२ च्या आरंभी त्यांनीच रद्द केला. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. हे नियम मुलांसाठी होते. चाळिशीतल्या माणसाला झोपायला सरकार पाठवणार नाही, ते त्याचे त्यालाच ठरवावे लागेल.

खेळ पूर्ण सोडा, असे मी म्हणत नाही. दूर राहिलेले मित्र त्या निमित्ताने भेटतात, दिवसाचा शीण जातो, हे मी नाकारत नाही. फक्त आपण कशासाठी खेळतो ते ओळखावे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली असा पहिला बहुखेळाडू खेळ रचणाऱ्या दोघांपैकी एक, रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे पत्त्यांप्रमाणे चार रंग सांगितले. चौकट म्हणजे संपत्ती व पायऱ्या जमवणारे, इस्पिक म्हणजे नवे प्रदेश धुंडाळणारे, बदाम म्हणजे गप्पांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला दंडुका हाणण्यात रमणारे. तुमचा रंग बदाम असेल, तर किलवरवाल्यांच्या शर्यतीत रक्तदाब का वाढवून घ्यावा?

आता काही साध्या सूचना.

एक, उठायची वेळ बसण्याआधी ठरवावी आणि गजर फोनपासून दूर, दुसऱ्या घड्याळात लावावा.

दोन, झोपेपूर्वीच्या शेवटच्या तासात लढाई नको. शक्य तर पडदाच नको.

तीन, प्रौढांना किमान सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. ती आधी बाजूला काढावी, उरलेल्या वेळेत खेळावे.

चार, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबवर नजर टाकावी आणि पापण्या मिटाव्यात. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते.

पाच, अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर मलम चोळत खेळत राहू नये. हाताला विश्रांती द्यावी आणि आठवड्यात उतार न पडल्यास दाखवावे.

सहा, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रुग्णांनी खेळापायी जेवणाची आणि औषधाची वेळ चुकवू नये.

सात, जेथे आठवड्याची गैरहजेरी पायरी घसरवते, असा खेळ सवडीच्या माणसाने घेऊ नये. जो खेळ विश्रांतीची कदर करतो तो बरा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येच पात्राला धर्मशाळेत विसावा दिला, तर परतल्यावर राक्षस मारण्याचे गुण काही काळ दुप्पट मिळतात.

खेळातल्या पात्राला विश्रांतीचा एवढा लाभ मिळत असेल, तर ते पात्र चालवणाऱ्या माणसाने स्वतःला तो का नाकारावा? इतरांच्या मागे राहण्याची लाज वाटू देऊ नका. त्या जगातली पदवी उद्या कंपनी नियम बदलून काढून घेऊ शकते. रात्रीची झोप मात्र तुमची आहे, आणि ती एकदा हुकली की सकाळी सगळे घर तिची किंमत मोजते.