परदेशातली ड्युटी, कोहक्यातलं घर

'फॉरेन पोस्टिंग' हे दोन शब्द कानावर पडले, की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. डॉलरमधला पगार, विमानाचा प्रवास, येताना आणलेलं घड्याळ नाहीतर सेंटची बाटली. बस्स! यापलीकडे कुणाची कल्पना धावत नाही.

भिलाईत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपासून नांदताहेत. आजोबा पोलाद कारखान्यात लागले, वडीलही तिथंच निवृत्त झाले आणि सुपेल्याजवळच्या कोहक्यात त्यांनी घर बांधलं. समजा, अशा घरातला मुलगा हवाई दलात सार्जंट आहे आणि त्याची निवड संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेसाठी झाली आहे. बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, "काय गं सूनबाई, आता काय बाबा, डॉलर येणार ना घरात?" सूनबाई हसते. काय उत्तर देणार? नवरा वर्षभर घरी नसणार, मुलाची परीक्षा तोंडावर, सासऱ्यांना मोतीबिंदू. हे सगळं काकूंना दारात उभ्या उभ्या कसं सांगणार?

आधी डॉलरचाच हिशेब करू. शांतिसेनेत पाठवलेल्या प्रत्येक जवानामागं संयुक्त राष्ट्रसंघ दरमहा ठरावीक रक्कम देतो. जुलै २०१८ पासून ती १,४२८ डॉलर होती, २०२२ मध्ये थोडी वाढली. पण ही रक्कम जवानाच्या हातात पडत नाही. ती जाते त्याच्या देशाच्या सरकारकडे, सैन्य पुरवल्याची भरपाई म्हणून. जवानाला त्याचं सरकार आपल्या नियमांप्रमाणे पगार आणि भत्ता देतं. संयुक्त राष्ट्रसंघाकडून थेट त्याच्या हाती पडणारा दैनिक भत्ता किती? एक डॉलर अठ्ठावीस सेंट. परदेशी भत्त्यामुळं चार पैसे जास्त मिळतात हे खरं. त्यातून कुणाची खोली बांधून होते, कुणाच्या बहिणीचं लग्न पार पडतं. पण गल्लीत ज्या डॉलरची चर्चा असते, तो डॉलर हा नव्हे.

दुसरा गैरसमज असा, की हवाई दल म्हणजे वैमानिक. प्रत्यक्षात एक हेलिकॉप्टर हवेत राहावं म्हणून जमिनीवर कितीतरी माणसं राबत असतात. इंजिन फिटर, एअरफ्रेम फिटर, इलेक्ट्रिकल फिटर, रेडिओवाले, शस्त्रांचे तंत्रज्ञ, भांडारवाले, डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस, स्वयंपाकी. परदेशी जाणाऱ्या तुकडीत संख्येनं हीच मंडळी जास्त. त्यांचं नाव वर्तमानपत्रात येत नाही. आलंच, तर ते वाईट बातमीत.

आपल्या हवाई दलाची ही परदेशातली ड्युटी तशी जुनी. काँगोत यादवी पेटली तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या विनंतीवरून ऑक्टोबर १९६१ मध्ये पाचव्या स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा विमानं आग्र्याहून आफ्रिकेकडं निघाली. वाटेत मुक्काम करत, इंधन भरत ती काँगोत पोहोचली. डिसेंबरात त्यांनी कोल्वेझीच्या विमानतळावर हल्ला चढवून बंडखोर कटांगाच्या विमानांचं बळ मोडलं. तो मुलूख हवाई दलाच्या माणसांना किती घातक होता, हे त्याआधीच्याच महिन्यात दिसलं होतं. ११ नोव्हेंबर १९६१ रोजी किंडू इथं शांतिसेनेसाठी मालवाहू विमानं घेऊन आलेल्या १३ इटालियन हवाई सैनिकांची हत्या झाली होती. ते लढायला आले नव्हते, सामान पोहोचवायला आले होते.

त्या काळी घराशी संबंध राहायचा तो पत्राचा. आपल्या टपाल खात्यानं १९६२ मध्ये काँगोतल्या जवानांसाठी नेहमीच्या तिकिटांवर 'यू. एन. फोर्स (इंडिया) काँगो' अशी अक्षरं छापून ती वापरात आणली. त्याआधी १९५३ मध्ये कोरियातल्या आपल्या तुकडीसाठीही अशीच खास छपाई झाली होती. आज तिकिटं जमवणारे छंदिष्ट ती जपून ठेवतात. पण ज्या घरी ते पाकीट यायचं, तिथं तिकिटाकडं कोण बघत होतं? पाकिटावरचं अक्षर ओळखीचं आहे ना, एवढंच आधी पाहिलं जायचं.

मग श्रीलंका. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्रीच्या अंधारात एमआय-८ हेलिकॉप्टरांनी जवान उतरवले, ते गोळ्यांच्या वर्षावात. परतलेल्या हेलिकॉप्टरांच्या अंगावर भोकं पडली होती. पुढच्या वर्षी ३ नोव्हेंबरला मालदीवमध्ये उठाव झाला आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमानं सुमारे अडीच हजार किलोमीटर न थांबता उडून हुलुले बेटावर उतरली. जुलै २००० मध्ये सिएरा लिओनच्या कैलाहून गावात बंडखोरांनी वेढलेल्या दोनशेहून अधिक शांतिसैनिकांच्या सुटकेसाठी ऑपरेशन खुकरी झालं. भर पावसाळ्यात, ढग खाली आलेले असताना, आपल्या हेलिकॉप्टरांनी ब्रिटिश चिनुकांच्या जोडीनं ते काम पार पाडलं.

सर्वांत लांबलेली कामगिरी मात्र पुन्हा काँगोतली. २००३ पासून आपली एमआय-१७ आणि एमआय-२५ जातीची हेलिकॉप्टरं पूर्व काँगोत होती. गोमा हे तिथलं मुख्य ठिकाण. एका बाजूला किवू सरोवर, दुसऱ्या बाजूला न्यिरागोंगो ज्वालामुखी. जानेवारी २००२ मध्ये तो फुटला तेव्हा लाव्हा शहरातून वाहत गेला आणि विमानतळाच्या धावपट्टीचा एक भाग त्याखाली गाडला गेला. उरलेल्या धावपट्टीवर पुढं कारभार चालला. रात्री डोंगराच्या माथ्यावर लाल उजेड दिसायचा. भिलाईच्या माणसाला तो ओळखीचाच वाटला असता. कारखान्यातली मळी ओततात तेव्हा इथलं आकाशही असंच तांबडं होतं.

आणखी एक योगायोग. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. १९५५ मध्ये करार झाला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. घरदार हजारो किलोमीटर मागं टाकून आलेले रशियन इंजिनियर भिलाईनं तेव्हा पाहिले. ही एमआय हेलिकॉप्टरंही त्याच देशातली. परक्या मुलखात जाऊन अवजड यंत्र चालतं ठेवणं म्हणजे काय, हे या गावाला वेगळं समजवायला नको.

आता त्या सार्जंटचा दिवस कसा जातो, ते पाहू. झुंजूमुंजू होण्याआधी उठायचं, कारण पहिल्या उड्डाणापूर्वीची तपासणी अंधारातच सुरू होते. गोमा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळं इंजिनाला जास्त कष्ट आणि वजन कमी न्यायचं. शिवाय धूळ. पंख्याचं पातं, तेलाची पातळी, गळती, एकेक वस्तू हातानं चाचपून बघायची. दोन उड्डाणांच्या मध्ये एक तपासणी, दिवसअखेर आणखी एक. झाकण बंद करण्यापूर्वी पेटीतली हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत हेलिकॉप्टर हलत नाही. आत राहिलेला एक पाना आख्खं यंत्र खाली आणू शकतो.

आणि मग सही. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, हवाई दलात तिला 'फॉर्म ७००' म्हणतात. काय तपासलं, काय बदललं, हे लिहून तंत्रज्ञ सही करतो. त्यावर भरवसा ठेवून वैमानिक सही करतो आणि यंत्र ताब्यात घेतो. आकाशात गेलेल्या माणसांचा जीव त्या पहिल्या सहीवर असतो. घरून फोन आलेला असो, मुलगा तापानं फणफणलेला असो, सही करताना मन दुसरीकडं जाऊन चालत नाही. परदेशातल्या ड्युटीतला सर्वांत अवघड भाग हाच.

ती पांढऱ्या रंगाची, 'यूएन' लिहिलेली हेलिकॉप्टरं दिवसभर काय करायची? बहुतेक वेळा पोत्यांचं काम. दुर्गम ठाण्यांवर शिधा आणि पाणी पोहोचवायचं, जखमींना आणायचं, निरीक्षकांना न्यायचं. जंगलात रस्ते नव्हतेच, होते ते पावसात वाहून जायचे. जुलै २००६ मध्ये काँगोत मोठ्या खंडानंतर बहुपक्षीय निवडणूक झाली, तेव्हा मतदानाचं साहित्यही हवाई मार्गानंच ठिकठिकाणी गेलं. पण प्रसंग आला तेव्हा शस्त्रही चालवावं लागलं. नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस बंडखोर साके गाव घेऊन गोम्याकडं सरकले. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. मध्ये लाखो माणसं. तेव्हा आपल्या लढाऊ हेलिकॉप्टरांनी मारा करून त्यांना रोखलं.

याशिवाय तब्येतीचं. काँगोला जाण्याआधी पीतज्वराची लस टोचून घ्यावीच लागते. तिचं पिवळं कार्ड जवळ नसेल, तर परतताना भारतात विलगीकरणात बसावं लागतं. हिवताप टाळायला गोळ्या आणि मच्छरदाणी. जेवण आपलंच, आपला स्वयंपाकी सोबत असतो हे मोठं सुख. गणपती, दिवाळी, बैसाखी, ईद सगळं तळावर एकत्र साजरं होतं. पण दिवाळीच्या रात्री प्रत्येकाची नजर घड्याळावर. गोमा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. कोहक्यात रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा तिथं संध्याकाळचे साडेपाच. इकडं मुलं झोपायला निघालेली, तिकडं बाबांचं हेलिकॉप्टर नुकतंच उतरलेलं. त्या अर्ध्या तासात संसार बोलून घ्यायचा.

आणि संसार इकडं कोण चालवतं? तीच सूनबाई. शांतिसेनेच्या अशा ठिकाणी कुटुंब सोबत नेता येत नाही. काहीजणी तळावरच्या क्वार्टरमध्ये राहतात, काहीजणी सासरी येतात. गॅसपासून बँकेपर्यंत आणि शाळेच्या प्रवेशापासून सासऱ्यांच्या ऑपरेशनपर्यंत सगळे निर्णय एकटीचे. भिलाईतल्या बायकांना शिफ्टची सवय आहे. नवरा रात्रपाळीला गेला, की दार लावून घ्यायचं आणि सकाळी उघडायचं. ही रात्रपाळी मात्र वर्षभराची असते. वाईट बातमी टीव्हीवर आधी येते आणि फोन नंतर लागतो, ही भीती तिच्या रोजच्या भाजी-पोळीत मिसळलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आजवर १७५ हून अधिक भारतीयांनी प्राण दिले आहेत. इतर कुठल्याही देशाहून हा आकडा मोठा आहे.

इथंच एक कडू प्रश्न उभा राहतो. एवढी माणसं आणि यंत्रं परक्या मुलखात, मग आपल्या घरच्या गरजेचं काय? छत्तीसगडला हा प्रश्न पुस्तकी नाही. १४ नोव्हेंबर २००८ रोजी विधानसभा निवडणुकीच्या कामावर असलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर विजापूर जिल्ह्यात माओवाद्यांनी गोळ्या झाडल्या. त्यात फ्लाइट इंजिनियर असलेला सार्जंट गेला. काँगोत मतपेट्या वाहणाऱ्या यंत्राचंच ते भावंड, आणि काम तेच. पुढच्या वर्षी माओवादग्रस्त भागात हवाई दलाची हेलिकॉप्टरं मोठ्या प्रमाणावर कामाला लागली आणि स्वसंरक्षणार्थ गोळी चालवण्याची मुभाही मिळाली. देशात हेलिकॉप्टरांची चणचण भासू लागली. अखेर २०११ सालच्या मध्यापर्यंत काँगोतली आपली हेलिकॉप्टरं परत आली. त्या काळात हवाई दलाचे प्रमुख होते नागपूरचे एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक.

निर्णय देशाच्या दृष्टीनं समजण्याजोगा होता. पण तिकडं ती उणीव शांतिसेनेला जाणवली. पूर्व काँगोचं दुखणं अजून संपलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर एम-२३ बंडखोरांच्या हाती गेलं. आपण थांबलो असतो तर ते टळलं असतं, असं कुणी म्हणणार नाही. मात्र साकेच्या रस्त्यावर त्या दिवशी ज्यांची घरं वाचली, त्यांच्यासाठी ती हेलिकॉप्टरं परकी नव्हती.

सगळ्याच परदेशी कामगिऱ्या वर्षभराच्या नसतात. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई भडकली. खार्टूमजवळच्या वाडी सय्यदना इथल्या खराब धावपट्टीवर हवाई दलाचं सी-१३० जे विमान रात्री उतरलं. धावपट्टीवर दिवे नाहीत, मार्गदर्शन नाही. रात्री दिसणारे चष्मे लावून वैमानिकांनी ते उतरवलं, इंजिनं चालू ठेवली आणि १२१ जणांना घेऊन ते उडालं. सगळ्या ऑपरेशन कावेरीत ३,८६२ माणसं सुखरूप बाहेर आली. त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख विवेक चौधरी, म्हणजे नांदेड जिल्ह्यातले. टीव्हीवर विमानातून उतरणारी माणसं दिसली. ते विमान निघण्याआधी नोंदवहीत कुणी सही केली, हे कुठल्या वाहिनीनं विचारलं नाही, आणि त्या तंत्रज्ञांची तशी अपेक्षाही नसते.

म्हणून एवढंच. गल्लीतला कुणी परदेशी ड्युटीवर गेला असेल, तर त्याच्या घरी डॉलरची चौकशी जरूर करावी, पण नंतर. आधी विचारावं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचंय का, मुलाला शाळेत सोडायचंय का, रात्री सोबत हवी का. जाणाऱ्यानंही निघण्याआधी बँकेचं खातं दोघांच्या नावावर करावं, विम्याचे आणि घराचे कागद एका फाइलीत लावून द्यावेत, तुकडीच्या कार्यालयाचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. हेलिकॉप्टरसारखीच घराचीही निघण्यापूर्वीची तपासणी असते. ती नीट झाली, तर हजारो किलोमीटरवरच्या त्या माणसाला सही करताना हात स्थिर ठेवता येतो.