घरच्या कामाला छोटी करवत
देव्हारा, फोटोच्या चौकटी घरीच करायला छोटी टेबल-करवत घ्यावी, असं काही मैत्रिणींच्या मनात असतं. जरूर घ्या! मात्र मोटारीची ताकद नंतर. आधी लाकूड टेकवायची पट्टी तपासा. घट्ट केल्यावर ती पात्याच्या पुढच्या नि मागच्या टोकापासून सारख्याच अंतरावर हवी. मागे आवळली, की लाकूड अडकून अंगावर उसळतं. गुण्या सोबत न्या नि प्लग काढून पातं टेबलाशी काटकोनात आहे ना, पाहा. चीर मिटू न देणारी पात्यामागची पत्री आणि वरचं झाकण नसेल, तर स्वस्तातही नको. आपल्याला बल्लारशाचा साग जवळचा, पण तो धार लवकर घालवतो. कार्बाइडच्या दातांचं पातं बरं. कामाला लागताना पदर खोचा, सासूबाई कुरकुरल्या तरी बांगड्या उतरवा, आणि शेवटचं वीतभर लाकूड बोटांनी नव्हे, काठीनं सरकवा.