राजवाड्याचे भाडे आणि कोयत्याची उचल

राजस्थानातील एखाद्या राजवाड्यात मारवाडी धनिकाच्या पुत्राचा विवाह चार-पाच दिवस चालतो, त्याचा बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराशी काय संबंध, असा प्रश्न वाचक विचारतील. संबंध नसता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. उदयपूरच्या तळ्यातील महाल, जोधपूरचे उमेदभवन, तेथील निकासीची घोडी, केशरी साफे, दारावरचे तोरण, मामाने आणलेल्या मायऱ्याची ताटे, हे सर्व आज मोबाईलच्या पडद्यावरून धारूर-वडवणीच्या वस्त्यांत रोज येऊन पोहोचते. आणि इकडे आमच्या गावोगावच्या रस्त्यांलगत प्लॅस्टरच्या कमानी व खोटे झरोके लावलेली मंगल कार्यालये स्वतःस ‘पॅलेस’ म्हणवून घेत आहेत. ज्यास जोधपूर परवडत नाही, त्यास जोधपूरची नक्कल एका दिवसाच्या भाड्याने मिळते. आमची तक्रार या नकलेविषयी आहे. आणि नक्कल करणाऱ्यांत आमचे बांधव कोणाच्या मागे नाहीत, हे कटू असले तरी कोणी तरी बोलून दाखविले पाहिजे.

प्रथम मारवाड्याला न्याय द्यावा. निजामाच्या अमलापासून मराठवाड्यात पेढ्या घालून बसलेल्या या समाजाला शिव्या देणे सोपे आहे. तो उद्योग आम्हांस करावयाचा नाही. व्यापाऱ्याच्या घरचा विवाह हा पेढीचाच एक व्यवहार असतो. दूरदूरच्या शहरांतील आडते, भागीदार, व्याही एका छपराखाली जमतात. सोयरीक जुळते तशी उधारीही जुळते. राजवाड्याचे भाडे मोजणारा शेठ जगास सांगत असतो की माझी पत शाबूत आहे. तो खर्च त्याच्या वहीत एका बाजूने नावे पडतो व दुसऱ्या बाजूने जमा होऊन परत येतो. ऊसतोड मजुराजवळ कोणती वही आहे? त्याचे नाव मुकादमाच्या वहीत असते, आणि तेथे ते नेहमी नावेच्याच बाजूला असते.

आता तो राजवाडा पाहू. उमेदभवनाचा पाया 1929 मध्ये घातला गेला आणि काम 1943 मध्ये संपले. दुष्काळात रयतेच्या हातांना काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंहांनी ते काढले, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. दुष्काळी कामावर खडी फोडणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला 1972 साली कळलेले आहे. फरक इतकाच की आमच्या हातून पाझर तलाव आणि रस्ते झाले. तेथील मजुरांच्या हातून तीनशेहून अधिक खोल्यांचा महाल झाला. कोणाच्या आजोबांनी भुकेपोटी तेथे दगड वाहिले, हे लग्नपत्रिकेत छापलेले नसते.

आणि ती घोडी! ज्या प्रांताच्या घोडीची आम्ही नक्कल करतो, त्याच प्रांतात दलित वर घोडीवर बसला म्हणून त्यास खाली ओढल्याच्या, वरातीवर दगडफेक झाल्याच्या फिर्यादी आजही नोंदल्या जातात. 2022 च्या जानेवारीत बुंदी जिल्ह्यात ‘ऑपरेशन समानता’ असे नाव देऊन प्रशासनास पोलीस बंदोबस्तात दलित वराची वरात काढावी लागली. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. पण लग्नाच्या मिरवणुकीस किंवा त्या प्रसंगी घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा त्याखालील स्पष्ट अपराध ठरण्यास 2015 ची दुरुस्ती यावी लागली, आणि ती 26 जानेवारी 2016 पासून अमलात आली.

येथे कोणी आम्हांस अडवील : ‘मग आमचा मुलगा घोड्यावर बसला तर वकीलसाहेबांच्या पोटात का दुखावे?’ मुळीच दुखत नाही. जेथे घोडी अडविली जाते तेथे ती चढलीच पाहिजे. त्या फिर्यादीचा मसुदा आम्ही फी न घेता लिहून देऊ. परंतु जेथे कोणीही अडवीत नाही, तेथे ती घोडी हक्काची राहत नाही, भाड्याची होते; आणि भाडे कोठून आले हे विचारणे प्राप्त होते.

ते येते उचलीतून. कारखान्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो, ती पुष्कळ घरांत उन्हाळ्यातच लग्नापायी खर्ची पडलेली असते. हंगामात ऊस तोडून ती फिटली नाही, तर पुढच्या हंगामावर चढते.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने असे मत दिले की, रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. परकी सरकारच्या आयोगाचे हे मत आम्हांस आजही ग्राह्य वाटते. बीडचा मजूर लग्नामुळे दरिद्री झालेला नाही. कोरडवाहू जमीन, तीही अनेकांस नाही, आणि तोडणीचा अपुरा दर यांनी तो दरिद्री झाला. लग्न त्यास दरिद्री करीत नाही. ते त्यास बांधून टाकते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीची जी व्याख्या केली, तीत आगाऊ घेतलेल्या रकमेबरोबरच रूढीने वा समाजाने लादलेले बंधनही मोजले आहे. उचल घेऊन राजवाड्याच्या नकलेखाली लग्न लावणारा बाप या दोन्ही दोरांनी एकाच दिवशी बांधला जातो.

आणि त्याच्याबरोबर त्याची मुलगी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला जी उचल मिळत नाही, ती जोडीला मिळते. म्हणजे उचलीसाठी मांडव घालावयाचा आणि मांडवासाठी उचल घ्यावयाची, असे हे चक्र आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 पासून पुस्तकात आहे. कमानीवर दिव्यांच्या माळा लागल्या आणि ढोलताशा सुरू झाला की नवरीचे वय विचारण्याचे धाडस मांडवातला एकही पाहुणा करीत नाही.

राजवाड्यांचे हे वेड सरकारलाही एकदा जडले होते. 2019 च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातील पंचवीस किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन तेथे हॉटेले काढण्याचा बेत जाहीर झाला. तेथे लग्नसमारंभही होतील अशा बातम्या येताच गहजब उडाला, आणि शिवकालीन महत्त्वाचे किल्ले यात नाहीत असा खुलासा पर्यटनमंत्र्यांना करावा लागला. खुलाशाने आमचे समाधान झाले नाही. ज्या किल्ल्यांच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी यांनी रात्री जागून काढल्या, त्यांच्या दरवाजावर ‘केवळ निमंत्रितांसाठी’ अशी पाटी लागणार असेल, तर किल्ला महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा, हा भेद कोणत्या मापाने करावयाचा?

मारवाड्याचीच नक्कल करावयाची असेल तर तीही चांगली करता येते. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे मारवाडी आणि लक्षाधीश. 1926 साली त्यांनी आपली कन्या कमला हिचा विवाह साबरमती आश्रमात, थाटमाट वगळून साधेपणाने लावला. त्या आश्रमाच्या राजकारणाशी आमचा झगडा जगजाहीर आहे व तो मिटलेला नाही. तरी ही गोष्ट खरी आहे, आणि ती सांगण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. ऐतिहासिक स्थळाचाच हट्ट असेल तर आमच्याजवळही एक आहे. भीमराव आणि रमाबाई यांचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री लागले. त्या जागेचे भाडे आजवर कोणी सांगितलेले नाही.

कायद्याला राजवाडा लागत नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा कलम 2 अन्वये बौद्धांनाही लागू आहे आणि कलम 7 वधू किंवा वराच्या रूढ विधींना मान्यता देते. गाणेबजावणे आणि जेवणावळी म्हणजे विवाह नव्हे, विधी झालेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावले आहे. विधी लावा, नोंदणी करा. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील 1985 च्या नियमांप्रमाणे वधूवरांस मिळालेल्या भेटींची सहीनिशी यादी करावयाची असते. आमच्याकडे हुंड्याची प्रकरणे पुष्कळ आली. अशी यादी घेऊन कोणी आलेला नाही.

आणि ज्यांनी उचल घेतलीच असेल, त्यांनी रक्कम, तारीख व कारण कागदावर लिहून घेऊन त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवावी. मुकादम नक्कल देत नसेल तर तसा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत द्यावा व पोच घ्यावी. 1976 च्या कायद्याखालील दक्षता समिती जिल्ह्याप्रमाणे उपविभागातही असावी लागते. ती शेवटची कधी बसली, हेही त्याच अर्जात विचारावे.